मुलाखतीला जाताना आपलं काम सोबत न्या

इंजिनिअरिंग डिप्लोमाचे निकाल लागले की उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या गेटवर फाईल छातीशी धरलेली पोरं दिसायला लागतात. येळ्ळूरची, मच्छेची, कडोलीची, खानापूरकडची. बेळगावात फौंड्र्या (धातू ओतायचे कारखाने) आणि मशीन शॉप भरपूर. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या लहानमोठ्या कारखान्यांना दरवर्षी ट्रेनी लागतातच. मी यातल्याच एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघते. मुलाखती असतात त्या दिवशी एचआरचे साहेब, प्रॉडक्शनचे साहेब आणि मी असे तिघं टेबलामागे बसतो. रविवारी मजगावच्या आमच्या घरी मात्र मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला असते. गल्लीतली, नात्यातली, कुणाच्या तरी ओळखीने आलेली मुलं तयारी करायला येतात. दोन्हीकडून जे दिसतं ते एकदा सगळ्यांसाठी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आलेलं पोरगं चहाचा कप हातात घेतलं की पहिलं वाक्य हेच बोलतं, "अक्का, मला इंग्लिश बोलायला येत न्हाई." मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे दहावी झालेलं, मग पॉलिटेक्निकला सगळं इंग्रजीत वाचलेलं, घरी मराठी, सरांशी कन्नड, वर्कशॉपमध्ये हिंदी. एवढं सगळं येतं, तरी त्याला वाटतं आपण इंग्रजीतच मार खाणार. मग महिनाभर यूट्यूबवरची 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'ची उत्तरं पाठ करतं. मुलाखतीत ते पाठांतर तिसऱ्या वाक्याला अडकतं आणि तिथून पुढे त्याला स्वतःचं नावही नीट सांगता येत नाही.

टेबलामागे बसून आम्ही काय बघतो ते सांगते. समोर एक मशीन केलेला पार्ट ठेवलेला असतो आणि त्याचं ड्रॉइंग. प्रॉडक्शनचे साहेब बोअरवर, म्हणजे पार्टमधल्या गोल भोकावर बोट ठेवतात. तिथे लिहिलेलं असतं २५ एच७. "हे कशाने मोजशील?" दहातली बरीच मुलं म्हणतात, "व्हर्नियरने." व्हर्नियर म्हणजे सरकत्या जबड्यांची मापपट्टी. आता बघा, २५ एच७ म्हणजे बोअर २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत पाहिजे. एकूण सूट २१ मायक्रॉन. नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिलिमीटर, म्हणजे २० मायक्रॉन. जेवढी सूट, जवळपास तेवढंच त्या व्हर्नियरचं एक घर. त्यावरून पार्ट पास की नापास ठरवताच येणार नाही. लाईनवर गो-नो गो प्लग गेज लागतो, ज्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. नेमका आकडा हवा असेल तर बोअर डायल गेज, आणि तो सेट करायला मास्टर रिंग. हे उत्तर ज्याने दिलं त्याने ते इंग्रजीत दिलं, हिंदीत दिलं की हातवारे करत मराठीत दिलं, यावरून त्याचा एक गुणही कमी झालेला मी पाहिला नाही.

आणि ज्याला हे माहीत नव्हतं, पण ज्याने व्हर्नियर हातात घेतल्यावर आधी जबडे मिटवून झीरो एरर (शून्य बरोबर जुळतं का ते) बघितला, त्यालाही आम्ही घेतलेलं आहे. त्या एका हालचालीत कळतं की या पोराने वर्कशॉपमध्ये खरोखर माप घेतलंय. बाकीचं शिकवता येतं.

म्हणून रविवारी मी पहिल्यांदा इंग्रजीचा विषयच बंद करते. म्हणते, तुझा प्रोजेक्ट मराठीत सांग, जसा घरी आईला सांगशील तसा. इथे खरी अडचण समोर येते. मराठीतही सांगता येत नाही. "गियर पंपचा प्रोजेक्ट केला" एवढंच. कुणी काय केलं? "ग्रुपनं केला." तू काय केलंस? गप्प. पाच जणांच्या ग्रुपमध्ये दोघांनी काम केलेलं असतं, कधीकधी मॉडेल तयारच आणलेलं असतं. मुलाखत घेणाऱ्याला हे दुसऱ्याच प्रश्नात कळतं, कारण तो विचारतो, बेअरिंग कुठलं बसवलं आणि तेच का बसवलं. अशा वेळी सरळ सांगावं की डिझाइन दुसऱ्याने केलं, मी बॉडी लेथवर टर्निंग केली आणि असेंब्लीत शाफ्ट जाम होत होता तो मी सोडवला. ग्रुपच्या कामातला आपला तुकडा लहान असला तरी आपला आहे. त्या तुकड्याबद्दल दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे, आणि तेवढं बोलता आलं की पुरे.

माझी पद्धत साधी आहे. चार गोष्टी बोलायच्या: काय बिघडलं होतं किंवा काय करायचं होतं, त्यातलं तुझ्यावर काय होतं, तू नेमकं काय केलंस, आणि त्यानंतर काय बदललं. चौथी गोष्ट मुलं हटकून विसरतात. "मग सरांना दाखवलं" इथे थांबतात. अरे, मग शाफ्ट फिरला का? गळती थांबली का? किती वेळ चालवून बघितलं? आकडा आठवत असेल तर आकडा सांगायचा. आठवत नसेल तर घरी जाऊन प्रोजेक्टची वही उघडायची.

कडोलीकडचा एक मुलगा आला होता. डिप्लोमा झाल्यावर वर्षभर घरीच होता आणि त्या वर्षाबद्दल विचारलं की खाली बघायचा. "रिकामाच होतो अक्का." घरी काय करत होतास? बटाट्याचं, रताळ्याचं शेत होतं. पोती कोण मोजायचं? "मीच." एपीएमसीला गाडी घेऊन कोण जायचं? "मीच." दलालाकडून विक्रीची पट्टी आली की हिशेब कोण लावायचा? तोही हाच. विहिरीवरची मोटार जळाली तेव्हा वाइंडिंगवाल्याकडे बसून त्याने फेज कसा गेला ते समजून घेतलं होतं आणि नंतर स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटार बंद करणारं यंत्र, बसवून घेतला होता. हे सगळं त्याच्या लेखी काम नव्हतं, कारण त्याचं कुणी सर्टिफिकेट दिलं नव्हतं.

त्याला मी दोन रविवार फक्त मोटारीची गोष्ट बोलायला लावली. मोटार का जळाली, याचं उत्तर त्याला चांगलं येत होतं: तीनपैकी एक फेज गेला, तरी मोटार फिरत राहिली, उरलेल्या दोन फेजवर करंट वाढला, वाइंडिंग तापलं आणि जळालं. मेंटेनन्सच्या जागेसाठी मुलाखत देणाऱ्या मुलाला याहून चांगली गोष्ट कुठली पाहिजे? वर्षभराची पोकळी तशीच ठेवून गेला असता तर प्रश्न आला असता, 'इतके दिवस काय केलंस?' आता त्याच प्रश्नाची तो वाट बघत होता. त्याला होनग्याला मेंटेनन्समध्ये घेतलं. गावाकडच्या प्रत्येक मुलाच्या घरात अशी एखादी गोष्ट असते. शिवणयंत्र दुरुस्त केलेलं असतं, वडगावात मागावर आईला मदत केलेली असते, गणपती मंडळाच्या वर्गणीची वही सांभाळलेली असते. ती शोधून काढायला कुणीतरी प्रश्न विचारणारं माणूस लागतं. घरात मोठा भाऊ असेल, वहिनी असेल, शेजारच्या काकू असतील, त्यांना बसवा समोर.

मराठीत गोष्ट घट्ट झाली की मग भाषेचं बघायचं. तांत्रिक शब्द आपल्याकडे इंग्रजीच आहेत, त्यामुळे अर्धं काम झालेलं असतं. उरलेली वाक्यं छोटी करायची. कर्ता, क्रियापद, संपलं. लांब वाक्य सुरू केलं की मुलं मध्येच काळ बदलतात आणि स्वतःच गोंधळतात. तरीही अडलं तर थांबून नम्रपणे विचारायचं, "सर, उत्तर येतंय, हिंदीत सांगू का?" कारखान्यातले साहेब लोक या प्रश्नाला जवळपास कधीच नाही म्हणत नाहीत. त्यांना रोज फौंड्रीत उत्तरेकडून आलेल्या कामगारांशी हिंदीत, गोकाक-बैलहोंगलकडच्या ऑपरेटरशी कन्नडमध्ये आणि स्टोअरमधल्या माणसाशी मराठीत बोलावंच लागतं. अगदी केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवेची मुलाखत घ्या. २७५ गुणांची ती मुलाखत, मुख्य परीक्षा मराठी माध्यमातून दिलेला उमेदवार मराठीत देऊ शकतो. तिथे चालतं तर आपण एवढं का घाबरायचं?

आता कन्नडचं. आपल्या भागात हा प्रश्न येतोच, "कन्नड बरुत्ता?" म्हणजे कन्नड येतं का? काही मुलं हा प्रश्न ऐकून आक्रसतात, जणू कुणी घरचं भांडण काढलंय. तसं काही नसतं. समोरच्याला एवढंच कळून घ्यायचं असतं की हा ऑपरेटरशी बोलू शकेल का. जितकी येते तितकीच सांगायची: बोलता येतं, पाटी-नोटीस वाचता येते, लिहायला वेळ लागतो. आणि त्यातलं एक वाक्य लगेच कन्नडमध्येच बोलून दाखवायचं. मराठी शाळेत कन्नड विषय शिकलेल्या मुलाला एवढं येतंच. पुण्या-कोल्हापूरच्या मुलाखतीत तर मराठी, कन्नड, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी हे चारही बायोडेटात वर लिहावं. तिथल्या कंपनीचा माल हुबळी-बेंगळुरूला जात असेल तर असा माणूस त्यांना हवाच असतो.

सराव मोठ्याने करा. मनातल्या मनात उत्तर नेहमी छान होतं. तोंडातून काढलं की कळतं श्वास कुठे तुटतो आणि कुठे काहीच सुचत नाही. फोनवर रेकॉर्ड करा, ऐका, परत करा. स्वतःची ओळख दीड-दोन मिनिटांत संपली पाहिजे आणि त्यात वडिलांचा व्यवसाय, भावंडं, छंद हे नको. नाव, गाव, शिक्षण, हातून झालेलं एक काम आणि ही जागा का हवी, एवढंच. 'तुमच्यातली उणीव काय?' यावर 'मी फार मेहनत करतो' असलं उत्तर देऊ नका, ते आम्ही दिवसात कितीतरी वेळा ऐकतो. खरी उणीव सांगा आणि ती भरून काढायला काय चालवलंय ते सांगा. एक मुलगी म्हणाली होती, मला सीएडी (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं) हळू येतं म्हणून रोज संध्याकाळी कॉलेजच्या लॅबमध्ये एक ड्रॉइंग काढते. तिने काढलेली ड्रॉइंगं सोबत आणली होती. मला त्या उत्तराचं आजही कौतुक वाटतं.

बँकेची तयारी करणारी मुलंही येतात. त्यांना मी आधी विचारते, तुझ्या जागेला मुलाखत आहे का? सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या क्लार्कला मुलाखत नसते. पीओला (प्रोबेशनरी ऑफिसरला) असते, १०० गुणांची, आणि अंतिम यादीत मुख्य परीक्षा आणि मुलाखत ८०:२० या प्रमाणात धरतात. केंद्र सरकारच्या गट 'क' आणि अराजपत्रित गट 'ब' पदांच्या मुलाखती तर १ जानेवारी २०१६ पासून बंदच झाल्या. तरी या जागांसाठी मुलाखतीच्या क्लासला पैसे भरणारी पोरं मला भेटली आहेत. पैसे भरण्याआधी जाहिरात शेवटपर्यंत वाचा.

कागदपत्रांचं आपल्याकडे वेगळंच दुखणं. एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग कन्नड उच्चारावरून पडलेलं, त्यामुळे एखादं अक्षर जास्त. जुन्या दाखल्यांवर बेळगाव, १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावी. गावाच्या नावाने सहसा अडत नाही, पण स्वतःच्या नावातल्या फरकाने पीएफचं खातं उघडताना हमखास अडतं. मुलाखतीच्या आदल्या रात्री हे सुधारत नाही. शेवटच्या सेमिस्टरला असतानाच सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून बघा आणि आधार मार्क्स कार्डाप्रमाणे करून घ्या.

मुलाखतीचे दिवस आणि आपला पावसाळा एकदमच येतात. जांबोटी-कणकुंबीकडून येणाऱ्या मुलांना सांगते, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मग फाईलमध्ये ठेवा, आणि एक कोरडा शर्ट पिशवीत असू दे. पायात कारखान्यात चालतील असे बंद बूट. कधीकधी मुलाखत झाली की शॉप फ्लोअर दाखवायला नेतात आणि तिथे चपलेने आत सोडत नाहीत. पहिल्यांदा जाताय तर एक दिवस आधी गेट बघून या. मुलींना कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमध्ये शक्ती योजनेमुळे ११ जून २०२३ पासून तिकीट पडत नाही, आधार जवळ ठेवायचं, मग धारवाड-हुबळीलाही आधी एक फेरी मारून येता येते. कोल्हापूरकडे जाणाऱ्या आंतरराज्य बसला मात्र ही सवलत नाही. निपाणीच्या मुली कागलच्या एमआयडीसीत मुलाखतीला जातात तेव्हा तिकिटाचे पैसे धरूनच निघा.

मुलींबद्दल अजून थोडं. 'लग्न झाल्यावर काय करणार?' हा प्रश्न अजूनही विचारला जातो. मला तो ऐकला की राग येतो, आणि मी टेबलामागे असले तर मी तो विचारू देत नाही. मुलाच्या लग्नाबद्दल कुणी विचारत नाही, मग मुलीच्याच का? पण सगळीकडे मी नसणार. म्हणून उत्तर तयार असावं. रडवेलं नको, भांडणाचंही नको. कामाकडे वळवणारं हवं: "मी शिफ्टला येऊ शकते, येण्याजाण्याची सोय मी बघून ठेवली आहे, आणि मला या लाईनवर इन्स्पेक्शन शिकायचं आहे." येळ्ळूरच्या एका मुलीने हे इतक्या शांतपणे सांगितलं की पुढचा प्रश्न थेट मायक्रोमीटरवर आला. तशी तयारी घरच्यांनाही करावी लागते. सेकंड शिफ्ट किती वाजता सुटते, बस कुठली मिळते, हे आईवडिलांशी आधी बोलून घ्या. नोकरी मिळाल्यावर घरात वाद नको.

शेवटी साहेब विचारतात, "तुला काही विचारायचंय?" आपली मुलं घाईने नाही म्हणून उठतात. तसं करू नका. विचारा, ही जागा अ‍ॅप्रेंटिसची आहे, ट्रेनीची आहे की कायम? अ‍ॅप्रेंटिसला स्टायपेंड असतो आणि करार संपल्यावर तिथेच नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर सहसा नसतं. हे रुजू होण्याआधी कळलेलं बरं. विचारा, पहिले सहा महिने मी कुणाच्या हाताखाली असेन? या प्रश्नाने साहेबांना बरं वाटतं, कारण मुलगा शिकायला आलाय हे दिसतं.

पगाराचं बोलायला लाजू नका, फक्त एचआरशी बोला आणि दोन आकडे वेगळे विचारा: सीटीसी (कंपनीला तुझ्यावर पडणारा एकूण खर्च) किती आणि हातात किती. बेसिक १२,००० असेल तर १२ टक्क्यांनी १,४४० रुपये पीएफचे पगारातून जातात, आणि कंपनीचा तेवढाच वाटा बऱ्याच ठिकाणी सीटीसीतच मोजलेला असतो. महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचे ०.७५ टक्के कापतात. त्याच्या बदल्यात घरच्यांसकट दवाखान्याची सोय मिळते, त्यामुळे ही कपात तोट्याची नाही. पुण्याहून जास्त आकडा आला तर खोलीभाडं, मेस आणि सणाला गावी येण्याचं भाडं वजा करून मग बेळगावच्या आकड्याशेजारी ठेवा. मी कुणाला जा किंवा राहा सांगत नाही. हिशेब मात्र वहीत करायला लावते.

बाहेर पडल्यावर बसमध्ये बसलात की विचारलेले सगळे प्रश्न लिहून काढा, उत्तर आलं नाही ते आधी. घरी एक वही ठेवली आहे. त्यात मुलं असे प्रश्न उतरवून जातात, कुठल्या प्रकारच्या जागेसाठी होता तेही लिहितात. कास्टिंगमधला (धातू ओतून केलेल्या पार्टमधला) ब्लो होल आणि श्रिंकेज कसा ओळखायचा हा प्रश्न त्यात वेगवेगळ्या हस्ताक्षरांत पुन्हा पुन्हा आलाय, त्यामुळे तो तरी कुणी कच्चा ठेवू नये. वायू अडकून झालेला ब्लो होल आतून बहुधा गुळगुळीत असतो. श्रिंकेज खडबडीत असतं आणि जाड भागात, जिथे धातू शेवटी थंड होतो, तिथे सापडतं.

या रविवारी दुपारी तीननंतर मी घरी आहे. येताना आपल्या प्रोजेक्टचं ड्रॉइंग आणा. व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि कारखान्यातून बाद झालेले चार-पाच पार्ट माझ्याकडे आहेत, ते सगळ्यांनी आळीपाळीने मोजायचे.